माळ्यावरचा जप

"लक्ष कुठे होतं तुमचं?" मंदाताईंनी मला सगळ्यांदेखत विचारलं आणि मी म्हणाले, "भातावर." सभामंडपात हशा पिकला. खरं उत्तर दिलं की माणसं हसतात, हा माझा जुना अनुभव आहे, त्यामुळे हसण्याचं मला काही वाटलं नाही. राग मात्र आला. तो अजून उतरलेला नाही आणि उतरवावा असंही मला वाटत नाही.

झालं होतं ते एवढंच. जव्हारला आमच्या आळीतल्या महादेवाच्या देवळात हल्ली रोज सकाळी सामूहिक जप असतो. मंदाताई तो घेतात. त्या नाशिकहून निवृत्त होऊन इथे राहायला आल्या, हवा चांगली म्हणून. बाई शिस्तीच्या. मोबाइल दाराशी टोपलीत, लहान मुलं घरी, पाठ ताठ, डोळे मिटलेले आणि प्रत्येकाच्या हातात रुद्राक्षांची माळ. मी शाळेत शिकवते. शाळा भरायच्या आधी तिथे जाऊन बसते. परवा जप चांगला रंगात आला होता आणि बाहेरच्या पिंपळावर राघूंचा थवा उतरला. त्यांचा तो कर्कश कलकलाट कानावर पडला मात्र, आणि माझ्या तोंडून, पाठ ताठ, डोळे मिटलेले, अगदी मंत्राच्याच सुरात निघून गेलं, "नमः शिवाय, हाऽऽ हुर्र!"

नंतर मंदाताई मला बाजूला घेऊन समजुतीनं बोलल्या. "मन म्हणजे मर्कट असतं हो. त्याला बांधून ठेवायला शिकलं पाहिजे. बाहेरचं काही आत येता कामा नये." मी मान हलवली. देवळाच्या पायऱ्या उतरताना मात्र मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. ताई, तुमचं मर्कट मनात असतं. आमच्याकडे ते खरोखरच यायचं आणि वेलावरचे भोपळे तोडून न्यायचं. त्याला बांधायचं म्हणजे काय, ते तुम्ही एकदा येऊन दाखवाच.

आश्विन उतरणीला लागला की जव्हारच्या पठारावरून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना लवकर पिकणारं हळवं भात पिवळं पडतं. वर उतारांवर नागलीची कणसं तांबूस व्हायला लागतात, मध्येच एखादा पट्टा खुरासणीच्या फुलांनी पिवळाधमक होतो. सकाळी पायांना दंव, दुपारी टाळूवर ऊन. पिकत आलेल्या भाताला एक वास असतो, थोडा ओल्या गवताचा, थोडा कोंड्याचा. एसटीच्या खिडकीतून तो आत आला की मी पुस्तक मिटते. लहानपणी आमच्या पाड्यावर हा वास सुटला की कुणी पंचांग बघत नसे. राखणीचे दिवस आले, हे लहान पोरालाही कळायचं.

राखण म्हणजे दाणा भरल्यापासून भात घरात येईपर्यंत ते पाखरांपासून सांभाळायचं. त्यासाठी खाचराच्या कडेला लाकडं रोवून उंच मचाण बांधतात. त्याला माळा म्हणतात. वर बसायला पेंढा, डोक्यावर पानांचं छप्पर, हाताशी गोफण, खड्यांचा ढीग आणि बडवायला एक पोचे पडलेला डबा. मंदाताईंच्या मंडळींच्या हातात माळ असते. माझी आई माळ्यावर असायची. फरक म्हटला तर एका कान्याचा. पण जपाची सगळी भानगड त्या एका कान्यात आहे, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी कुणाच्याही तोंडावर सांगते.

आईला मंत्र कुणा गुरूनं दिलेला नाही. लग्नाआधी ती भावाबरोबर त्र्यंबकला गेली होती. तिथे पायरीवर बेल विकणाऱ्या एका म्हातारीनं पानांच्या जुडीबरोबर तो तिला सांगितला. म्हातारीला पुढचे दात नव्हते. विसर्ग वाटेत कुठे सांडला कुणास ठाऊक. आईपर्यंत आला तो "नमा शिवाय". तोच तिनं घरी आणला, तोच धुणं धुताना, नागली दळताना, मला झोपवताना म्हटला, आणि तोच ती अजून म्हणते. मंदाताई विसर्गाच्या बाबतीत फार हळव्या आहेत. उच्चार चुकला तर फळ मिळत नाही, म्हणतात. मी त्यांना सांगितलं, ताई, ते फळ आम्ही खाल्लं आहे, मीठ घालून, शिजवून. त्यांना वाटलं मी थट्टा करते.

मी सहावीत होते त्या वर्षी चैत्रात माझे वडील तापानं गेले. घरात राहिलो आई आणि मी. आमचं एक खाचर होतं, शेजारी काकाचं, मध्ये बांध. पावसाळा लागला तेव्हा नांगर धरायला आमच्याकडे माणूस नव्हता, बैलही नव्हते. काकानं आपले बैल घालून आमचं खाचर नांगरून दिलं. बदल्यात आई त्याच्या आवणीला वाकली, चिखलात, पावसात, रोप संपेपर्यंत. फिट्टंफाट झाली, असं आईला वाटलं. काकाला तसं वाटलं नव्हतं. भात पोटरीत आलं तेव्हा तो आमच्या ओट्यावर येऊन बसला, गुडघ्यावर हात ठेवले आणि म्हणाला, "नांगर माझा, बैल माझं. मंग पीक कुनाचा? तुमी दोघी दिवाळी झाली का भट्टीवर जा. पोरीला बी काम गावंल."

दिवाळी झाली की आमचा पाडा ओस पडायचा. ट्रक यायचे. माणसं, पोरं, कोंबड्या, तवे सगळं त्यात चढायचं आणि वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर उतरायचं. ज्यांच्या कणगीत भात असेल ती दोन-चार घरं मागे राहत, आणि त्या घरांतली पोरं शाळेत जात. माझ्यापुरता प्रश्न इतका सरळ होता. भात आमच्या कणगीत पडलं तर शाळा. काकाच्या कणगीत पडलं तर विटा.

काका वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. भाऊ गेला म्हणजे भावाचं होतं ते आता आपलंच, असं त्याला मनापासून वाटत होतं. लबाड माणसाशी भांडता येतं, तो कुठेतरी नजर चुकवतो. मनापासून वाटणारा माणूस नजर चुकवत नाही. आई त्याच्याशी भांडली नाही. तिनं चूल सारवली, डोक्यावरून पदर घेतला आणि ती भगताकडे गेली. भगत म्हणजे पाड्यावरचं देवाधर्माचं आणि दुखण्याखुपण्याचं बघणारा म्हातारा माणूस. त्याच्यासमोर नारळ ठेवून तिनं नेम धरला. आमचं भात कापून कणगीत पडेपर्यंत, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत, माळ्यावर बसून महादेवाचा जप. मध्ये खंड नाही.

आमच्याकडे नेमातल्या माणसाला कुणी हात लावत नाही आणि त्याच्या शेतात परकं पाऊल पडत नाही. ही चाल माझ्या आजाच्या आजापासून आहे. रात्रीची काळजी नव्हती. रात्री रानडुकरांसाठी सगळा पाडा शेकोट्या पेटवून पाळीपाळीनं जागायचा, आणि इतक्या डोळ्यांसमोर कापणी करायला काका धजला नसता. प्रश्न दिवसाचा होता. नेम चालू आहे तोवर भात आईचं. नेम मोडला की काकाला वाट मोकळी. हे आईला कळत होतं, काकाला कळत होतं, आणि भगताला तर दोघांपेक्षा जास्त कळत होतं. नारळ फोडताना म्हातारा मिशीत हसला, असं आई अजून सांगते.

तर माझ्या आईची साधना ही अशी सुरू झाली. पोटासाठी. "म्हणजे ती भक्ती नव्हती," असं आमच्या जपाच्या मंडळींतल्या एका गृहस्थांनी मला सुचवून पाहिलं आहे. मी त्यांना विचारलं, तुम्ही कशासाठी बसता? म्हणाले, मनःशांतीसाठी. म्हटलं, मग तुम्हीही काहीतरी मागायलाच बसता की! आईला महादेव हवा होता आणि भातही हवं होतं. तिनं दोन्ही एकाच तोंडानं मागितलं. ज्यांच्या कणग्या भरलेल्या असतात त्यांना या दोन गोष्टी वेगवेगळ्या मागायला सवड मिळते.

त्या दिवसांत मी शाळेत गेले नाही. माळ्यावर आईला टेकून बसायचे. पेंढ्याची कुसळं पाठीला टोचायची, छपराची पानं वाळून खडखडायची. आईचा आवाज मोठा नव्हता. सकाळी तो गार आणि मऊ असायचा, उन्हं चढली की कोरडा व्हायचा, संध्याकाळी नुसते ओठ हलायचे आणि जवळ कान नेला तरच "नमा" आणि "शिवाय" वेगळे ऐकू यायचे. तिनं भाकरीचा तुकडा तोंडात घातला की जप माझ्याकडे. घोट गिळून तिनं मान हलवली की पुन्हा तिच्याकडे. हे चालतं का, असं मी भगताला विचारून आले होते. तो म्हणाला, "चालंल. दोरी कुनी बी धरा, हातातनं सुटली नाय म्हंजे झाला."

काकाला हे फार दिवस चालेल असं वाटलं नव्हतं. बाईमाणसाचं तोंड किती वेळ एकाच शब्दावर राहणार, असा त्याचा हिशेब. तो बांधावर, आपल्या हद्दीत, दोन गड्यांना आणि विळ्यांना घेऊन रोज बसू लागला, आईचं तोंड थांबायची वाट बघत. नुसती वाट बघून कंटाळला तेव्हा त्यानं मदत पाठवायला सुरुवात केली. एका दुपारी त्याचे बैल "चुकून" सुटले आणि नेमके आमच्या भाताकडे वळले. आईनं जप न थांबवता गोफण फिरवली. खडा पुढच्या बैलाच्या वशिंडावर बसला आणि बैल ज्याचे त्याच्याकडे परत गेले. मग माहेरच्या नात्यातली एक बाई ऊर बडवत आली, तुझी आयस आजारी, बोलावते तुला. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पाहिलं. पण ओठ हलत राहिले. माझी आजी ठणठणीत होती आणि पुढे कितीतरी वर्षं तशीच राहिली.

सर्वांत कडी केली ती काकाच्या एका गड्यानं. तो ओढ्याकडून धापा टाकत, ओरडत आला, "वैनी, पोर ओढ्यात पडली! धावा! तुमची पोर पडली!" आता मी माळ्यावरच होते, पेंढ्यात आडवी होऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून. आईनं माझ्या केसांतून हात काढला नाही. मी उठून बसले आणि त्याच्याकडे बघितलं. तो माणूस तसाच उलट्या पावली गेला. त्या रात्री शेकोटीपाशी सगळा पाडा पोट धरून हसला आणि त्याला पुढे जन्मभर "ओढ्या" म्हणत राहिला.

मंदाताईंना मी हे सगळं सांगितलं होतं. त्यांना गोष्ट आवडली. म्हणाल्या, "बघा, किती एकाग्र होत्या तुमच्या आई! कशानंही विचलित झाल्या नाहीत." इथेच आमचं बिनसलं. कारण आई सगळ्यानं विचलित होत होती. कुठल्या कोपऱ्यात चिमण्या उतरल्या, कुठे बांधाला भोक पडून पाणी चाललं आहे, माझ्या अंगाला चटका लागतो आहे की नाही, बांधावर काका बसला आहे की उठला, सगळं तिच्या ध्यानात होतं. डोळे सताड उघडे. मी त्यानंतर पुष्कळ देवळं पाहिली, पुष्कळ मिटलेले डोळे पाहिले. इतकं जागं माणूस मला जपाला बसलेलं दिसलेलं नाही. बाहेरचं सगळं आत येऊ द्यायचं आणि तरी मंत्र सोडायचा नाही, याला एकाग्रता म्हणत नसतील तर मला त्या शब्दाशी काही देणंघेणं नाही. दारं-खिडक्या लावून दिवा कुणीही जपेल.

पण खरी अडचण काका नव्हता. खरी अडचण राघू होते. पाखरं डब्याच्या आवाजाला लगेच सरावतात. गोफणीचा खडा लांबच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. पाखरांना एकच गोष्ट कधी सरावाची होत नाही, ती म्हणजे माणसाची हाक. सुरुवातीला हाकेचं काम माझ्याकडे होतं. हाऽऽ हुर्र, हाऽऽ हुर्र करून माझा घसा फुटला, मग आवाज पार बसला. नुसती वाफ निघायची, त्यामुळे जपाची दोरी धरायलाही माझा उपयोग नव्हता. भात तर आता पूर्ण पिकलेलं, एक-दोन दिवसांत विळा लावायचा, आणि त्याच वेळी राघूंचे थवेच्या थवे. आई ओरडली तर जपात खंड, म्हणजे भात काकाचं. आई ओरडली नाही तर भात राघूंचं. बांधावर बसलेल्या काकाला हे बरोबर उमगलं होतं. त्या दिवशी त्यानं काही पाठवलं नाही, काही केलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून तो आभाळाकडे बघत होता.

बांधापलीकडे काकाच्या खाचराला माळा होता आणि त्यावर काकी असायची. काकाची बायको. आधीच्या वर्षापर्यंत आई आणि ती एकाच माळ्यावर बसून राखण करायच्या, दोन्ही खाचरं एकदम. एकमेकींच्या उवा काढायच्या, गुळाचा खडा अर्धा करून खायच्या. त्या साली काकानं तिला ताकीद दिली होती, की आमच्याशी बोलायचं नाही. ती बोलत नव्हती. रोज येऊन आमच्याकडे पाठ करून बसायची. मला ती पाठ बघून काकापेक्षाही जास्त राग यायचा.

दुपार कलली आणि थवा उतरला. आधी चार-दोन हिरवे ठिपके, मग सगळं आभाळ खाली आल्यासारखं. लांबच्या कोपऱ्यातली कणसं वाकायला लागली. कणसं तुटल्याचा कटकट आवाज माळ्यापर्यंत यायला लागला. आईनं डबा बडवला. मी तोंड उघडून ओरडले, आवाज आला नाही. आईनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भाताकडे. मग ती माळ्यावर उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि पोटातून आवाज काढला, "नमा शिवाय, हाऽऽ हुर्र! नमा शिवाय, हाऽऽ हुर्र!"

श्वास एकच. मंत्राच्या शेपटाला हाक बांधलेली, हाकेच्या शेपटाला मंत्र. थवा फाटला आणि उडाला. काकाही उडाला. "मोडला!" तो बांधावरून ओरडला. "आयकला का रं? हुर्र बोलली ती! मोडला नेम!" गडी विळे घेऊन उठले. आई खाली बघत नव्हती. तिचं चालूच होतं, "नमा शिवाय, हाऽऽ हुर्र," जणू मंत्र मुळात तसाच आहे आणि त्र्यंबकच्या म्हातारीनं तो तसाच दिला होता. तिच्या डोळ्यांत मी त्या वेळी भीती पाहिली नाही. मला मात्र इतकी भीती वाटत होती की मी तिचं पातळ मुठीत धरून ठेवलं होतं. मला डोळ्यांसमोर विटा दिसत होत्या.

काकानं स्वतःहून पाऊल टाकलं नाही, एवढी लाज त्याला होती. त्यानं गड्याला पिटाळून भगताला बोलावून आणलं. म्हातारा सावकाश आला, बांधावर बसला, चुना काढला, तंबाखू मळायला लागला. पाड्यावरची पाच-सहा माणसं मागोमाग येऊन उभी राहिली.

"सांगा आथा," काका म्हणाला. "जपात हुर्र आला. मोडला का नाय?"

"मोडला म्हंजे थांबला," भगत म्हणाला. "थांबला का तिचा?"

"थांबला नाय, पन मधी पाखरं हाकलतं का कुनी? देवाचा नाव हाये का हुर्र?"

भगत ऐकत राहिला. वर आईचं चालू होतं. त्यानं तंबाखू ओठाखाली ठेवली, हात झटकले. "माना नाय म्हाईत," तो म्हणाला. "माझ्या बापानं बी माना असा जप शिकवला नाय. पन एक सांगतो. एकलीनं केली तं चूक. दुसरीनं धरली का चाल झाली."

काका मोठ्यानं हसला. "धरंल कोन? हिचं येडं कोन धरंल? म्हना रं, हाये का कुनी?" त्यानं उभ्या माणसांकडे बघितलं. माणसांनी जमिनीकडे बघितलं. कुणालाही काकाशी वाकडं नको होतं. त्याचे बैल सगळ्यांनाच लागायचे. त्यांचा मला राग आला नाही. सगळा राग मी एका पाठीवर खर्च केला होता.

ती पाठ हलली. बांधापलीकडच्या माळ्यावर काकी उभी राहिली. तिच्या खाचरात त्या वेळी एकही पाखरू नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. तिनं आमच्याकडे तोंड केलं, पदर कमरेला खोचला आणि हात वर केले. "नमा शिवाय," ती ओरडली, आवाज चिरकला, म्हणून तिनं पुन्हा सुरुवात केली. "नमा शिवाय, हाऽऽ हुर्र!"

भगत गुडघ्यावर हात टेकून उठला, धोतर झटकलं, म्हणाला, "झाली चाल," आणि घराकडे चालू लागला. माणसं त्याच्या मागून गेली. काका उभाच होता. दोन माळ्यांवरून दोन बायका ओरडत होत्या, एकीचा श्वास संपला की दुसरीचा सुरू, आणि मध्ये बांधावर तो. मग त्यानं गड्यांना हातानं खूण केली आणि तेही गेले. संध्याकाळी काकाच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला, भांडी आदळल्याचा आवाज आला. आई चुलीपाशी बसून ते ऐकत होती. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आई माळ्यावर चढली आणि मी खाली विळा घेऊन कडेची ओळ कापायला लागले. आईनं जप करायचा आणि मी कापायचं, असं ठरलं होतं. एवढं खाचर माझ्याच्यानं किती दिवसांत कापून झालं असतं, याचा विचार आम्ही दोघींनी मुद्दामच केला नव्हता. भात ओलं होतं, विळा घसरत होता, माझ्या बोटाला लागलं. मान वर केली तर बांधावर काकी. हातात तिचा विळा. कपाळावर, भुवईच्या वर, सूज. तिच्या मागे, त्यांच्या घराच्या दारात काका उभा होता, सगळं दिसेल असा.

"कुठनं धरू गं?" काकीनं वर माळ्याकडे बघून विचारलं.

मला वाटलं आई हातानं खूण करेल. इतके दिवस ती सगळं हातानंच सांगत होती, भूक, तहान, माझ्यावरचा राग, सगळं. भात अजून उभं होतं. कापायचं होतं, झोडायचं होतं, वाहून कणगीत टाकायचं होतं. नेम पुरा व्हायला बराच अवकाश होता आणि दारात काका कान लावून होता. आईनं काकीच्या कपाळाकडे बघितलं. आणि तिचे ओठ थांबले.

मी किती दिवसांनी ती शांतता ऐकत होते. भात वाऱ्यानं एकमेकांवर घासत होतं, लांब कुणाचा तरी कोंबडा आरवत होता. आई माळ्यावरून खाली उतरली, लाकडावर पाय टेकत, सावकाश, कारण पाय आखडले होते. तिनं छपरात खोचलेला आपला विळा आधीच हातात घेतला होता. काकीपाशी गेली, तिच्या कपाळाला बोट लावलं.

"ये बाय," ती मोठ्यानं म्हणाली, दारातल्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "माझ्या बाजूला धर."

जप मोडला होता. पाड्यातली जी जी माणसं आपापल्या दारात होती त्या सगळ्यांनी ते ऐकलं. मी काकाकडे बघितलं. त्याचं तोंड उघडलं होतं. 'मोडला' म्हणायचं तर सगळ्यांदेखत त्या सुजलेल्या कपाळाचंही उत्तर द्यावं लागलं असतं. ते तसंच राहिलं, आणि मग मिटलं. दोघी शेजारी शेजारी वाकल्या आणि कापायला लागल्या.